हातानं मोजलेली पोरं

अपघातांच्या वहीत माझं नाव आयुष्यात एकदाच लागलं, तेही लहान मुलांच्या यादीत. 'मूल क्रमांक एकसष्ट. वय बावीस. कडुनिंबावरून पडले. उजवा गुडघा सोलला. कारण : शहाणपणा.' खाली सरांची सही. झाडावर का चढू नये हे मुलांना समजावताना फांदी कशी दगा देते याचं मी प्रात्यक्षिक दाखवायला गेलो होतो. ते अपेक्षेपेक्षा फारच चांगलं झालं. साठ पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी गुडघ्याला आयोडीन लावलं, मी ओठ दाबून धरले, तर म्हणाले, "ओरड की. लाजू नको. पोरं बघायलीत. मोठ्यांनाबी दुखतंय हे कळू दे त्यास्नी."

त्यांना सगळे सर म्हणायचे, तेलुगू घरांतली पोरं 'सार' म्हणायची, पण ते कुठल्या शाळेत कधी शिकवायला नव्हते. सोलापुरातल्या एका गिरणीच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर कंपाउंडरकी केली. रिटायर झाल्यावर पूर्व भागातल्या आमच्या शाळेच्या मंडळाकडे गेले आणि म्हणाले, मे महिन्यात तुमची इमारत रिकामी पडते, ती मला द्या.

पूर्व भागात घरोघर माग. बाप मागावर, आई विड्या वळणार. वळलेल्या विड्या घेऊन ती कारखान्यात गेली की दुपार तिकडेच. घरावर पत्रा. सोलापूरचा मे म्हणजे काय ते ज्यांनी पत्र्याखाली काढलाय त्यांनाच ठाऊक. पोरं आत उकडायची, नाहीतर बाहेर विहिरींवर हिंडायची. त्यांना सकाळी सात ते चार एका जागी नीट ठेवायचं, एवढंच काम. मंडळाने त्याला 'बालविकास शिबिर' असं भारदस्त नाव दिलं होतं. सर म्हणायचे, "विकास नंतर बघू. आधी घेतली तशी परत द्या."

मी तेव्हा नुकता बी. ए. झालो होतो, त्याच शाळेत तात्पुरता मास्तर होतो आणि कायम होण्यासाठी मंडळ सांगेल त्याला मान डोलवत होतो. मंडळाने मला सरांच्या हाताखाली दिलं.

सर अंगाने काटकुळे. धोतर, गळ्यात लिंग, सदऱ्यावर चार खिशांचं जाकीट. एका खिशात आयोडीन, दुसऱ्यात कापूस, तिसऱ्यात नखं काढायची कात्री, चौथ्यात कांदा. कांदा ऊन ओढून घेतो यावर त्यांचा विश्वास होता की नव्हता, मला कळलं नाही. विचारलं तर म्हणाले, "गुण येऊ न येऊ. कांदा खिशात हाय म्हटल्यावर माणसाला ऊन हाय एवढं तरी ध्यानात राहतंय."

त्यांचे नियम एकवीस. पुठ्ठ्यांवर बारीक तिरक्या अक्षरांत लिहून व्हरांड्यात टांगलेले, बाटलीवर 'हलवून घेणे' लिहितात तसे. 'मुलाला तहान लागली का असे विचारू नये. पाजावे.' 'रडणाऱ्याकडे नंतर जावे, गप्प बसलेल्याकडे आधी.' 'घसरगुंडीवरून रोज प्रथम मोठ्या माणसाने यावे.' हा शेवटचा नियम ते स्वतः पाळायचे. सकाळी सातला, धोतराचा सोगा खोचून, चेहऱ्यावर सरकारी कामाचा भाव ठेवून, म्हातारा घसरगुंडीवरून खाली यायचा, उठून पत्र्याला कुठे धार आली नाही ना म्हणून हात फिरवायचा, आणि मगच रांग सुटायची.

खिचडीचंही तसंच. पोरांच्या आधी अर्धा तास सर एकटे जेवणार आणि मग पोटावर हात ठेवून बसून राहणार. साठ भुकेली पोरं समोर बसून त्यांच्याकडे टक लावून बघायची.

"सार, पोटात दुखायलंय का?"

"न्हाई."

"चक्कर?"

"न्हाई रे बाबा."

"थोडीशीबी न्हाई?" हे विचारणारा श्रीनू. सात वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला. त्याला सरांच्या जिवाची काळजी नव्हती असं नाही, पण काहीतरी घडावं असं त्याला मनापासून वाटत असे.

मला या सगळ्याची भयंकर गंमत वाटायची. मी सरांच्या नकला करायचो, आणि वाईट म्हणजे चांगल्या करायचो. एकदा मी बाविसावा पुठ्ठा लिहून टांगला : 'सरांनी हसू नये. हसल्यास दोघांनी धरावे.' सरांनी चष्मा लावून तो शांतपणे वाचला. "का हसू नये ते लिहिलं न्हाईस. नियमाला कारण पाहिजे." एवढं म्हणून त्यांनी तो तसाच राहू दिला.

एवढी काळजी करणाऱ्या माणसाच्या मागे काहीतरी दुःख असलंच पाहिजे, असा शोध मी लावला. माझ्या वाचनात तसंच यायचं. म्हणून त्यांचा एक मुलगा विहिरीत बुडाला असावा असं मी आधी मनात म्हटलं, मग एका सहकाऱ्याला सांगितलं, आणि आठवडाभरात पोरांना न्यायला येणाऱ्या बायकांना मुलाच्या सदऱ्याचा रंगसुद्धा सांगू लागलो. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. एकीने तर सरांना घरचे सांडगे-पापड आणून दिले. शेवटी मलाच ते इतकं खरं वाटायला लागलं की एका दुपारी मी सरांना विचारलंच, "सर, तुमच्यावर फार मोठा प्रसंग आला होता ना?"

"कसला?"

"म्हणजे... मुलाचा."

"मला मूलच न्हाई." ते सुतळी गुंडाळत होते, ती त्यांनी खाली ठेवली. "मला काहीसुदिक झालेलं न्हाई, बाबा. लई सुखात गेलं माझं. का? काहीतरी झाल्यावरच जपायचं असतंय व्हय?"

मी तोंड धुवायला नळावर गेलो. पण बायकांना सांगितलेली गोष्ट काही मी परत घेतली नाही. चांगली जमली होती.

त्यांचा सगळ्यात लाडका नियम मोजणीचा. दिवसातून चार वेळा पोरं मोजायची, आणि ती डोळ्यांनी नाही, प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून. "डोळ्यानं मोजलेलं पोरगं पळतंय. हातानं मोजलेलं राहतंय." मोजणारा मग वहीत आकडा घालून सही करणार. संध्याकाळपर्यंत सरांचा उजवा तळवा साठ डोक्यांच्या तेलाने चकचकीत व्हायचा. हात लावता लावता कोणाचं कपाळ तापलंय, कोण दचकतंय, कोणाच्या डोक्यावर टेंगूळ आहे, हे त्यांना कळायचं. मला फक्त तेल कळायचं. मी मोजणी केली की पँटला हात पुसायचो.

म्हणून मी एक शास्त्रीय पद्धत काढली. पाणी पिण्यासाठी प्रत्येक पोर घरून पेला आणायचं. दुष्काळ नुकता सरलेला, पाण्याची उधळण नको म्हणून ज्याचा त्याचा पेला, त्यावर नाव घातलेलं. म्हणजे पोराचं नव्हे, आजीचं नाहीतर आत्याचं. लग्नात जे भांडं आलं त्यावर जे नाव असेल ते. पाणी प्यायलं की पेला ओट्यावर पालथा घालायचा. मी म्हटलं, जितके पालथे पेले तितकी पोरं. लांबून, बसल्या जागी, हात न माखता मोजणी. दोनदा मी ती पद्धत गुपचूप वापरली. दोन्ही वेळा बरोबर आली.

तिसऱ्या वेळी सर नव्हते. दुपारी दीडच्या सुमाराला एका मुलीच्या नाकाचा घोळणा फुटला. सरांनी रक्त थांबवलं, पण त्यांना ते आवडलं नाही. तिला टांग्यात घालून ते दवाखान्यात निघाले. जाताना म्हणाले, "दोनची मोजणी तुझी. हातानं मोज." मी म्हटलं, "हो सर." त्यांची नक्कल न करता म्हटलं, म्हणून ते मला आठवतं.

त्याच्या आधी अर्धा तास मी पोरांना खेळायची रबरी रिंग किती उंच फेकता येते ते दाखवत होतो. ती गच्चीवर गेली. "चार वाजता काढू," मी म्हणालो आणि मोठ्या पोरांबरोबर कॅरमला बसलो.

श्रीनूला चारपर्यंत धीर निघाला नाही. गच्चीवर जायला बंदी होती, म्हणून तो कोणाला न सांगता गेला. फक्त आपल्या दोस्ताला सांगून गेला. जिन्याच्या वरच्या दाराला आतून कडी होती, ती त्याने काढली. तो बाहेर पडला आणि वावटळीने दार आपटलं. कडी पुन्हा पडली. खाली पाण्याची वेळ झाली. दोस्त शहाणा. श्रीनूला बोलणी बसू नयेत म्हणून त्याने आपला पेला प्यायला, मग श्रीनूचाही प्यायला आणि दोन्ही पालथे घातले.

मी कॅरमवरून मान वर केली आणि पेले मोजले. एकोणसाठ. साठातली मुलगी सरांबरोबर गेलेली, म्हणजे एकोणसाठच हवेत. हिशेब इतका चोख जुळला की मी स्वतःवर खूश झालो. वहीत ५९ घातले. सही करणार तेवढ्यात पोरं ओरडली, "मास्तर, तुमची पाळी!" राणी अगदी भोकाच्या तोंडाशी होती. मी ती घेतली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

श्रीनू म्हणे त्या वेळी दार वाजवत होता.

सर तीनच्या पुढे परत आले. छत्री मिटली, मुलीला सावलीत बसवलं आणि तिला सोडून बाकीच्यांच्या डोक्यांना हात लावत निघाले. शेवटच्या डोक्यावर त्यांचा हात तसाच राहिला. "अठ्ठावन्न," ते म्हणाले. मी वही पुढे केली. "एकोणसाठ आहेत की सर, हे बघा." त्यांनी वहीकडे पाहिलं नाही. पोरांच्या तोंडांकडे पाहिलं. दोस्त रडायला लागला.

श्रीनू गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या कडेला वीतभर सावलीत पडला होता. अंग कोरडं, हात लावला की चटका बसेल असं. सरांनी त्याला खाली आणला, रांजण त्याच्यावर रिकामा केला, आणि ओलं काही पुरेना तेव्हा स्वतःचं धोतर फेडून भिजवून त्याला त्यात गुंडाळला. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घातलेला तो म्हातारा पोराला घेऊन टांग्याकडे पळत गेला. बाकीच्या एकोणसाठ पोरांमधलं एकही हसलं नाही.

मी वही घेऊन उभा होतो. जाताना त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. "बाकीच्यांना पाणी पाज," म्हणाले.

श्रीनू वाचला. सहा दिवस दवाखान्यात होता. घरी आला तेव्हा चालायला लागला होता, पण जीभ जड झाली होती. शब्द तोंडात अडायचा, मान खाली घालून तो ढकलायचा. डॉक्टर म्हणाले, सुधारेल. थोडं सुधारलं. बाकी राहिलं ते राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही उघडली, तर दोनच्या आकड्यापुढे सही होती. सरांची. आकडा माझ्या हातचा, सही त्यांची. मी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात फाटकावर श्रीनूची आई आली.

विड्या वळणारी बाई, बोटं तंबाखूने पिवळी. ती थेट सरांसमोर उभी राहिली आणि आधी तेलुगूत, मग रस्त्याला कळावं म्हणून मराठीत बोलू लागली. "तुमच्या जिवावर पोर सोडलं ना सार? हात लावून मोजता म्हणता ना? कुटं गेला होता हात? तुमचं एक पाण्यात घातलं, आता माझं उन्हात घालता का?" माणसं जमली. सर बोडक्याने उन्हात उभे होते, हात जोडून. त्यांची छत्री माझ्याकडे होती. मी ती उघडलीसुद्धा नाही. बुडालेल्या मुलाची गोष्ट मीच रचली होती, हे सांगायलाही ती वेळ बरी होती. मी तेही सांगितलं नाही. शेवटी ती त्यांच्या पायांजवळ थुंकली आणि गेली.

मंडळाच्या बैठकीत सेक्रेटरींनी वही उघडून विचारलं, "दोन वाजता मोजणी कोणाची?"

"सही माझी हाय," सर म्हणाले.

"पण तुम्ही तर दवाखान्यात होता म्हणतात."

"शिबिर माझं. मोजणी माझी."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मला नोकरीत कायम व्हायचं होतं. मी पंख्याकडे पाहिलं. एवढीच माझी साक्ष.

सरांना काढलं. जूनमध्ये मी कायम झालो, आणि पुढच्या मेपासून शिबिर माझ्याकडे आलं.

गल्लीत त्यांचं नाव पडलं, 'वाळवणवाले'. गच्चीवर पोर वाळत घालणारा म्हातारा. पूर्वी बायका त्यांना रस्त्यात थांबवून पोरांचे घसे दाखवायच्या. आता ते दिसले की पोरांना पदराखाली घ्यायच्या. ते छत्री घेऊन भिंतीच्या कडेने जायचे. कोणाच्या पोराचं नाक वाहताना दिसलं तर हात खिशाकडे जायचा आणि परत यायचा.

वर्षभराने माझ्या मनाने उचल खाल्ली, आणि मी सेक्रेटरींच्या घरी जाऊन सगळं सांगून टाकलं. पेले, कॅरम, राणी, काही ठेवलं नाही. त्यांनी चहा मागवला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं मन मोठं. म्हाताऱ्याला वाचवायला स्वतःवर घेताय." मी दोनदा 'नाही' म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही. चहा पिऊन बाहेर पडलो तेव्हा माझी इज्जत आधीपेक्षा वाढली होती. आयुष्यात खोटं बोलून मी इतका कधी जिंकलो नाही, जितका त्या दिवशी खरं बोलून जिंकलो.

मग सरांकडे गेलो. एक खोली, खाट, स्टोव्ह, एक कपाट. मी उंबऱ्यातच सुरू केलं, "सर, त्या दिवशी मी हाताने मोजलं नव्हतं."

"ठाऊक हाय की. हाताला तेल नव्हतं तुझ्या."

"मग सही का केलीत?"

त्यांनी स्टोव्हला पिन मारली. "एका माणसाच्या हातात साठ डोकी देऊन जाऊ नये. दोघं पाहिजेत. हा नियम मी लिहिलाच न्हवता. एकवीस लिहिले, आणि हा न्हाई." मग त्यांनी कपाटाच्या मागून एक पुठ्ठा काढला. तो माझाच होता, 'सरांनी हसू नये'वाला. मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी बारीक अक्षरांत लिहिलं होतं : 'मोजणी दोघांनी वेगवेगळी करावी. आकडे न जुळल्यास मोठा आकडा खोटा समजावा.' "ही बाजू वर करून टांग," ते म्हणाले.

"सर, मी रस्त्यात सगळ्यांना सांगतो."

"सांगून? तुला काढतील. मग पोरं कुणाकडे? नियम वाचलेला तू एकटाच हायस तितं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "त्या बाईला मात्र सांगायचं होतंस."

त्या बाईला मी सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्याआधी सर गेले. माती द्यायला आम्ही अकराजण होतो. मी मोजले.

तो पुठ्ठा टांगला. एक सहकारी आणि मी, दोघं मोजत होतो, हाताने. माझाही तळवा तेलकट व्हायला लागला. शिबिराचं नाव झालं. त्या वर्षी नाव नोंदवायच्या दिवशी श्रीनूची आई धाकट्या मुलीला घेऊन आली. मुलगी पाच वर्षांची, पद्मा. मी नाव लिहिलं. ती समाधानाने बसली होती.

"तुमी हाय म्हणून सोडते सार," ती म्हणाली. "ते म्हातारं असतं तर नसती सोडली. गेलं म्हणे ते. देवानं बघितलं."

पेन माझ्या हातात होतं. मी ते खाली ठेवलं. "अक्का, त्या दिवशी ते दवाखान्यात होते. मोजणी माझी होती. आणि त्यांचं पोर बुडालं वगैरे काही नाही. त्यांना पोरच नव्हतं. तेही मीच सांगत सुटलो होतो."



"काय करत होता तुमी?"

"कॅरम खेळत होतो."

"कॅरम." तिने तो शब्द नुसता परत उच्चारला. मग म्हणाली, "छत्री धरून मागं उभं होता ते तुमीच न्हवं?"

"मीच."

मला वाटलं होतं ती ओरडेल. मी त्यासाठी दोन वर्षं तयार होतो. ती उठली, पदर नीट केला. "त्यांचं घर कुटं हाय?"

"आता तिथं कोणी नाही, अक्का. कुलूप आहे."

"दाखवा."

दुपारच्या उन्हात आम्ही तिघं गेलो. मी पुढे, ती मागे, पद्मा तिचं बोट धरून. खोलीच्या दाराला कुलूप होतं. ती दारासमोर उभी राहिली, डोकं झाकलं, आणि तेलुगूत काहीतरी बोलली, हळू, थांबत थांबत, समोर कोणीतरी ऐकत असल्यासारखं. मला तेलुगू येत नाही. पद्माला येत होतं. ती आईच्या तोंडाकडे वर बघत होती. मग बाईने हात जोडले आणि वळली.

परत निघताना बोळ अरुंद होता, आम्हाला एकमेकांना खेटून चालावं लागणार होतं. पद्मा मधे होती. ती सहज माझं बोट धरायला हात पुढे करत होती. आईने तिला उचलून आपल्या पलीकडच्या बाजूला घेतलं, भिंतीकडे, आणि मग चालायला लागली.